दर दोन मिनिटांनी एक खूण

३ जुलै, सोमवार

आजपासून मी फेलो. एकोणीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात गुणवत्ता तपासली, केसाएवढा फरक पकडला, आणि आज वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसून 'मी कोणता प्राणी आहे' ते सांगितलं. पत्रावर छापलंय : शिक्षणधोरणात रस असलेल्या व्यावसायिकांसाठी दोन महिन्यांची नेतृत्व फेलोशिप. बारा जण निवडलेत. बँकवाला गरुड झाला. दातांची डॉक्टर डॉल्फिन झाली. सल्लागार कंपनीतला एक जण बोलताना हवेत बाण काढतो, तो मधमाशी झाला. मी म्हटलं, बैल. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

संचालिकाबाईंना जगातलं सगळंच सुंदर वाटतं. गरुड? किती सुंदर. डॉल्फिन? किती सुंदर. बैलही सुंदर निघाला. मी त्यांचं नाव किती-सुंदर बाई ठेवलंय, या वहीपुरतं.

रोज चिंतन लिहायला त्यांनी प्रत्येकाला एकेक जाड रंगीत वही दिली आहे. तिच्यात मी लिहिलं, 'आज मी आतून मोकळा झालो.' खरं काय ते कारखान्याच्या या जुन्या नोंदवहीत लिहीन. खरं हे, की शेवटी बारांतल्या एकाला शिक्षण खातं सल्लागार म्हणून घेणार आहे आणि ती खुर्ची मला हवी आहे. कारखान्यात माझ्या वरची जागा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान माणसाला दिली, तेव्हाच बिनपगारी रजेचा अर्ज टाकला. शिक्षणात रस वगैरे तोंडी लावायला.

६ जुलै, गुरुवार

दिवसभर भिंतीवर पिवळे कागद चिकटवले. 'तुमच्या स्वप्नातली शाळा.' एकाने लिहिलं, 'भिंती नसलेली.' भिंती नसत्या तर हा कागद कुठे चिकटवला असता, ते विचारायचं राहिलं.

घरी आलो तर घरात दुसरा तमाशा. स्वयंपाकघरातून अण्णांना तीनदा हाक मारली, औषध घेतलं का म्हणून. उत्तर नाही. बाहेर येऊन ओरडलो तर म्हणतात, "हो, आज उकडतंय खरं." दोन वर्षं हेच. ऐकूनच घ्यायचं नाही म्हटल्यावर देवही काही करू शकत नाही. वडिलांची सगळी हयात वजनमापं तपासण्यात गेली, दुकानदार चळाचळा कापायचे, तो हट्ट आता आमच्यावर. मी हिला म्हटलं, तू लाडावून ठेवलंस. हिने गॅलरीतला दिवा लावला आणि त्यांच्यापुढे जाऊन बसली. दिवसाढवळ्या दिवे लावायची हिची ही एक नवीनच सवय.

१७ जुलै, सोमवार

दोन आठवड्यांनी पहिल्यांदा काही कामाचं हाती आलं. वर्गपाहणीचं पत्रक. दर दोन मिनिटांनी मान वर करायची, शिक्षक त्या क्षणी काय करतोय ते बघायचं, खूण करायची. 'शि' म्हणजे शिकवतोय. 'व्य' म्हणजे व्यवस्था, हजेरी घेणं, वह्या वाटणं. 'नि' म्हणजे निष्क्रिय, गप्प उभा किंवा नुसता बसलेला. बोलणं नाही तिथे शिकवणं नाही, अशी व्याख्याच पाठीमागे छापली आहे. बघणाऱ्याने मागच्या भिंतीशी बसायचं, शिक्षकाशी अवाक्षर बोलायचं नाही आणि मुलांबद्दल काहीही टिपायचं नाही.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाकीच्यांची तोंडं उतरली. दातांच्या डॉक्टरने हात वर करून विचारलं, "पण मुलांना कळतंय की नाही, ते कुठल्या रकान्यात भरायचं?" घ्या. उंटावरच्या शहाण्यांची कमी नाही. कारखान्यात यंत्र तपासताना बेअरिंगला विचारतात का, तुला कसं वाटतंय? किती-सुंदर बाई म्हणाल्या, किती सुंदर प्रश्न. आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

२० जुलै, गुरुवार

मला मिळालेली शाळा तीन मजली, जिन्यात फिनेलचा वास. वर्ग तिसरीचा, दुसरी तुकडी. एकतीस मुलं. डावीकडे मोठी खिडकी, समोर हिरवा फळा, भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे. माझी खुर्ची मागच्या भिंतीशी, कपाट आणि कचऱ्याच्या डब्याच्या मधे. तिथून एकतीस डोक्यांच्या मागच्या बाजू दिसतात आणि समोर बाई.

बाई पस्तिशीच्या. एक वाक्य बोलतात आणि गप्प. खिडकीजवळ जाऊन उजेडात उभ्या राहतात, गप्प. मग पुन्हा एक वाक्य. फळ्यावर लिहिताना तोंड शिवलेलं. लिहून झालं की वळायचं, मग बोलायचं. आमच्या लहानपणीच्या बाई एका हाताने लिहायच्या, दुसऱ्याने खडू फेकायच्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्याला म्हणतात काम. इथे चाळीस मिनिटांच्या तासात माझ्या वीस खुणा : सात 'शि', एक 'व्य', बारा 'नि'. बाई बहुतेक खिडकीशी हवा खातात.

नोकरी पक्की असली की माणूस असा सैलावतो.

२८ जुलै, शुक्रवार

सात दिवस पूर्ण. पस्तीस तास, सातशे खुणा. एकही खूण अंदाजाने नाही. दोनदा शिंक आली तरी डोळे मिटले नाहीत. बाईंचा शिकवण्याचा वेळ एकोणचाळीस टक्के. बँकवाल्याने त्याच्या शाळेत तीन दिवसांत काम आटपलं आणि उरलेलं मनाने भरलं, मला स्वतः हसत सांगितलं. अशा माणसाला कारखान्यात मी फाटकाबाहेर काढला असता.

मुलांबद्दल टिपायचं नाही, पण ही वही माझी आहे. खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी आहे. घंटा झाली की तीस मुलं उठतात आणि ती त्यांच्याकडे बघून एक क्षण मागाहून उठते. रोज. जराशी मंद असावी. अशा वर्गात दुसरं काय होणार.

११ ऑगस्ट, शुक्रवार

आज सादरीकरण. खात्याचे अधिकारी पहिल्या रांगेत बसले होते, बिस्किटं खात. डॉक्टरने मुलांची चित्रं दाखवली. मधमाशीच्या पडद्यावर इतके बाण, की कुठून कुठे जायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी एक तक्ता दाखवला. एकच. सातशे खुणा, एकोणचाळीस टक्के.

अधिकारी बिस्किट खाली ठेवून म्हणाले, "हे मोजलंय तुम्ही स्वतः?"

"प्रत्येक खूण," मी म्हटलं.

"बाराजणांत पहिला आकडा, ज्याच्यावर मी सही करू शकतो."

किती-सुंदर बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी होती. येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो, कबूल करतो. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "आणि त्या बाईंचं काय होणार?" मी म्हटलं, होईल काय, कामाला लागतील.

२४ ऑगस्ट, गुरुवार

खात्याचा निर्णय आला. ज्या तुकडीत शिकवण्याचा वेळ निम्म्याहून कमी, ती शेजारच्या तुकडीत मिसळायची आणि शिक्षक अतिरिक्त ठरवून दुसरीकडे धाडायचा. आमच्या बाराजणांच्या आकड्यांवर सुरुवात. माझी शाळा यादीत पहिली, ११ सप्टेंबरपासून. तिसरीचा वर्ग बासष्ट मुलांचा होईल, आणि पहिल्या तुकडीच्या बाईंचा आवाज तीन मजले ऐकू येतो म्हणे. बरंच झालं.

अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, ४ तारखेच्या समारोपात सल्लागार म्हणून माझंच नाव जाहीर करतील.

२६ ऑगस्ट, शनिवार

आजचं सगळं ओळीने लिहितो.

दुपारी जेवताना मला लहर आली. हिला म्हटलं, चल, तुझी पाहणी करतो. पत्रक काढलं, स्टॉपवॉच लावलं. ही अण्णांच्या समोर बसली होती. विजेच्या बिलाची काहीतरी गोष्ट सांगत होती. एक वाक्य, मग गप्प. एक वाक्य, मग गप्प. तीस मिनिटांत पंधरा खुणा झाल्या, त्यांतल्या नऊ 'नि'. मी हसत पत्रक तिच्यापुढे सरकवलं. "बघ, साठ टक्के निष्क्रिय. तुला घरातून अतिरिक्त ठरवावं लागेल."

ही हसली नाही. "मी गप्प नव्हते. त्यांना वाचायला वेळ देत होते."

"काय वाचायला?"

"माझं तोंड. दोन वर्षं झाली, अण्णांना ऐकू येत नाही. उजव्या कानाने अजिबात नाही, डाव्याने नुसता गोंगाट. समोर बसून, उजेडात, एकेक वाक्य बोललं की ते ओठांवरून ओळखतात. मग थांबावं लागतं. त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी नको म्हटलं. म्हणाले, त्याच्या कधी ध्यानात येतंय बघू."

अण्णा माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याकडे नाही, ओठांकडे. मी तोंड मिटून घेतलं.

भांडी घासताना डोक्यात एकदम खिडकी आली. खिडकीतला उजेड. फळ्यावर लिहून झालं की वळायचं आणि मगच बोलायचं. घंटा झाली की इतरांकडे बघून उठणारी दोन वेण्यांची ती मुलगी. सात दिवस माझ्यासमोर सगळं मांडून ठेवलेलं होतं आणि मी त्यावर खुणा करत बसलो होतो. गाढवाला गुळाची चव काय. लोकांना उंटावरचे शहाणे म्हणत होतो, आणि उंटावरून मीच खाली उतरलो नव्हतो.

२८ ऑगस्ट, सोमवार

शाळेत गेलो. पाहणीच्या दिवसांत बोलायचं नाही असा नियम होता. पाहणी संपली आहे. बाईंना म्हटलं, मला एक तास बसू द्या, पुढे. त्यांनी फळ्याशेजारची तिपाई दाखवली.

पुढून वर्ग वेगळाच असतो. एकतीस तोंडं. दुसऱ्या बाकावरची मुलगी बाईंच्या ओठांवर डोळे रोवून बसते, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तशी. वाक्य संपलं की तिच्या कपाळावर आठी येते, ती हळूहळू जाते, मग ती मान हलवते. मान हलली की बाई पुढचं वाक्य बोलतात. त्या मधल्या वेळात बाकीची तीसही मुलं विचार करत असतात. हातच्याची वजाबाकी चालली होती. तिने फळ्यावर येऊन सोडवली, बरोबर.

शाळा सुटल्यावर मी म्हटलं, "सांगायचं होतंत."

"कोणाला? तुम्ही तर बोलायचं नाही असं ठरवून आला होतात." बाई वह्या गोळा करत होत्या. थांबल्या नाहीत. "सात दिवस बसलात. एकदा तरी मुलांची तोंडं बघितलीत?"

मी गप्प.

"ही आता कशाची खूण?" त्यांनी विचारलं. मी तेही ऐकून घेतलं.

मी म्हटलं, आज जाऊन खात्याला सांगतो, वर्गात ऐकू न येणारी मुलगी आहे. तेव्हा मात्र त्यांनी वह्या खाली ठेवल्या. म्हणाल्या, "ते सोडून काहीही सांगा. नोंद झाली की तिला खास शाळेत पाठवतील. जवळची खास शाळा आठ तासांवर आहे, तिथेच राहायचं. तिची आई एकटी आहे, रुग्णालयात पाळीची नोकरी करते. आई माझ्यापुढे रडली होती, म्हणून रजिस्टरात मी काही लिहिलं नाही. पहिलीपासून मीच तिच्याबरोबर वरच्या वर्गात येतेय. अजून दोन वर्षं मिळाली तर कोणत्याही वर्गात निभावेल."

"आणि नाही मिळाली तर?"

"बासष्ट मुलांत, फळ्याकडे तोंड करून ओरडणाऱ्या बाईंकडे? महिनाभरात मुकी होईल."

३० ऑगस्ट, बुधवार

किती-सुंदर बाईंकडे गेलो. म्हटलं, पत्रक चुकीचं आहे, गप्प राहणं हेही शिकवणं असू शकतं. त्यांचे डोळे भरून आले. "किती सुंदर. हा तुमचा प्रवास आहे. समारोपात नक्की सांगा." मी म्हटलं, ते ठीक, पण आकडा मागे घ्या. त्या म्हणाल्या, आकडा आता खात्याचा.

खात्यात गेलो. अधिकारी सभ्य माणूस आहे. "कारण द्या. त्या वर्गात काही विशेष होतं का?"

द्यायचं तेच एक कारण, आणि ते देता येत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आयुष्यभर केलं. आज पहिल्यांदा ती दाताखाली धरली. म्हटलं, विशेष काही नाही.

"मग आकडे खरे आहेत ना?"

"खरे आहेत."

"झालं तर मग. साहेब, तुमचे आकडे खोटे असते तर मी ते बाजूला ठेवले असते. खरे आकडे बाजूला ठेवायला माझ्याकडे रकाना नाही."

रस्त्याने चालत आलो. त्याचं वाक्य चावत होतो. माझे आकडे खोटे असते तर.

३ सप्टेंबर, रविवार

नोंदवही चाळली. एकोणीस वर्षांत एक मोजमाप खोटं लिहिलेलं नाही. एकदा मालकाच्या मेहुण्याने सांगूनही नाही. अण्णा नोकरीला असताना म्हणायचे, माप खोटं लिहिणाऱ्याचा हात कामाचा नाही. कारखान्यात मला कोणी प्रेमाने बोलावत नाही, पण माझी सही असली की माल न उघडता पुढे जातो. माझ्याकडे दुसरं आहे काय?

हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "तुम्हाला जमेल?" मी म्हटलं, बँकवाल्याला जमतं तर मला का नाही. पण त्याने खोटं भरून खरं म्हणून दिलं, आणि माझं उलटं आहे. ही म्हणाली, "उलटंच करायची सवय आहे तुम्हाला."

४ सप्टेंबर, सोमवार

समारोप. गोल खुर्च्या, मधे फुलदाणी. प्रत्येकाने आपला प्रवास सांगितला. बँकवाला गरुड रडला. त्याने म्हणे आकड्यांपलीकडचं मूल पाहिलं; तीन दिवसांत कुठे पाहिलं कोण जाणे. टाळ्या.

माझी पाळी आली. अधिकारी हसून माझ्याकडे बघत होते, हातात माझ्या नावाचं पाकीट होतं. मी उभा राहिलो. म्हटलं, "माझ्या शाळेची पत्रकं खोटी आहेत. मी मागे बसून झोपा काढल्या आणि सातशे खुणा मनाने भरल्या. त्या आकड्यावर कोणी सही करू नये."

आधी कोणाला कळलंच नाही. मधमाशीने टाळी वाजवली, एकदाच, मग हात मांडीवर ठेवला. अधिकारी म्हणाले, "तुम्ही मला परवा म्हणालात, खरे आहेत."

"तेव्हा खोटं बोललो."

"आणि आज?"

"आज खरं."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, बिघडलेल्या काट्याकडे अण्णा बघायचे तसे. मग पाकीट खिशात घातलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच किती-सुंदर बाईंना काही सुंदर वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला लाज आणलीत," आणि मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला. बँकवाला खाली फरशीकडे बघत होता.

जिन्यात दातांच्या डॉक्टरने गाठलं. "तुम्ही झोपला नव्हतात. मी एकदा त्या शाळेत निरोप द्यायला आले होते. तुम्ही पापणीही लववत नव्हतात." मी म्हटलं, दात काढायचं सोडून हे धंदे कशाला करता. ती गेली नाही, फाटकापर्यंत बरोबर चालली. काही विचारलं नाही. भली बाई आहे.

६ सप्टेंबर, बुधवार

फेलोशिप रद्द. पत्राची प्रत कारखान्याला. तिथूनही फोन आला. रजा संपली की गोदामात रुजू व्हायचं, तपासणी विभागात नाही. ज्याने एकदा माप खोटं लिहिलं त्याची सही आता चालणार नाही. बरोबर आहे. मी असतो तर मीही हेच केलं असतं.

यादीतून माझी शाळा वगळली. 'विश्वासार्ह माहिती नाही' असा शेरा. पुन्हा पाहणी दोन वर्षांनी. बाईंना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "कळलं." एवढंच.

संध्याकाळी अण्णा गॅलरीत बसले होते. मी दिवा लावला, खुर्ची ओढली आणि समोर, उजेडाकडे तोंड करून बसलो. पहिलं वाक्य म्हटलं. थांबलो. त्यांच्या कपाळावर तशीच आठी आली, जशी त्या मुलीच्या येते, आणि हळूहळू गेली. त्यांनी मान हलवली. मग दुसरं वाक्य. असं करत करत सगळं सांगायला पाऊण तास लागला.

"म्हणजे खोटी नोंद केलीस," अण्णा म्हणाले.

"नाही. नोंद खरी होती. खोटी आहे असं सांगितलं."

हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग ते बराच वेळ हाताच्या शिरांकडे बघत बसले. मीही गप्प बसलो. स्टॉपवॉच खिशात होतं, काढलं नाही.

"त्या पोरीला वजाबाकी येते?"

"येते. मी बघितली. हातच्याची."

"मग ठीक," अण्णा म्हणाले.

मी उठायला लागलो. त्यांनी मनगट धरून खाली बसवलं.

"आलाच आहेस समोर, तर बस जरा. दोन वर्षांत माझ्याशी काय काय बोललास ते सांग. मला काही ऐकू आलं नव्हतं."

मी आठवायला लागलो. हाका आणि ओरडणं वगळलं तर सांगण्यासारखं काहीच निघेना.